देणगी भिंतीला की हेडमास्तराला?

(नाशिक येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



गावच्या शाळेत गेले म्हणजे पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर, फाटकाच्या कमानीवर दात्याचे नाव रंगविलेले दिसते. त्याने घामाचा पैसा दिला, म्हणून आम्ही त्याला नमस्कारच करतो. परंतु हेडमास्तर चांगला तयार व्हावा म्हणून कोणी चार पैसे दिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. त्याला सरकार पगार देते, मग आपण काय द्यायचे, असे म्हणून आपण मोकळे होतो. औत नवे घेतले आणि धरणारा नवखाच ठेवला, तर तास सरळ कसे पडेल?

जोतीराव फुल्यांनी हे १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मांडले. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगर किंवा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, तो शिकून तयार झालेला असावा आणि त्याला निदान १२ रुपये पगार मिळावा, असे त्यांचे म्हणणे. टपालाचे, दस्तनोंदणीचे काम त्याच्याकडे दिल्यास गावात त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचविले. (आज मास्तरावर कामांचा पाऊस पडतो, वजन मात्र वाढलेले नाही!)

आपल्या नाशकात १९१४ साली उदाजी मराठा बोर्डिंग निघाले. त्याच्या इमारतीची कोनशिला १९२० साली शाहू छत्रपतींनी बसविली. तिथे देणगी विटांना लागली तशी खेड्यातल्या पोराच्या भाकरीलाही लागली. भाऊराव पाटील तर याच्याही पुढे गेले. गावोगाव शाळा काढायच्या, तर आधी मास्तर हवेत, हे ओळखून त्यांनी १९३५ साली साताऱ्यास खेड्यांसाठी मास्तर तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. त्यांच्या संस्थेला आयाबायांनी जात्यापाशी बाजूला काढलेले मूठमूठ धान्यही मिळत होते.

आता आपले पाहा. दोन मास्तरांच्या शाळेत हेडमास्तरच वर्ग शिकवतो, तोच खिचडीचा हिशेब लिहितो, तोच माहिती भरीत बसतो. मुले कमी होतात, शाळा बंद पडायची पाळी येते, आणि गरिबाला तालुक्याच्या शाळेची फी व गाडीभाडे भरावे लागते. श्रीमंताचे काय, तो कुठेही शिकेल.

म्हणून कांद्याची पट्टी हाती आली, भात्यावरची मजुरी मिळाली, की त्यातला थोडा भाग हेडमास्तराच्या कामासाठी काढावा. त्यातून आठवड्याचे दोन दिवस कागद लिहिणारा एक पोरगा ठेवावा, आणि वर्षातून एकदा हेडमास्तराला दुसऱ्या गावची चांगली शाळा पाहायला पाठवावे. २००९ च्या कायद्याने शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात. नुसत्या सह्या करण्यापेक्षा त्यांनीच हा पैसा सांभाळावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. ज्याला आपले नाव रंगवून हवे असेल, त्याने खुशाल पंखा द्यावा.