अन्नाचे नियोजन : एक उपेक्षित विद्या
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. यंत्रविद्या, संगणक, वैद्यक या विद्या थोर आहेतच. परंतु आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास आज एका उपेक्षित विषयाची शिफारस करावयाची आहे. तो विषय अन्नव्यवस्थेचे नियोजन व धोरण हा होय. धान्य शेतातून ताटात येईपर्यंत साठवण, कांडण, वाहतूक, बाजार व सरकारी वाटप अशा ज्या पायऱ्या लागतात, त्यांचा एकत्र विचार हे शास्त्र करते. आणि आपले पोट भरताना पुढील पिढीची माती व पाणी शाबूत राहावे, ही दृष्टी देते.

या विद्येची पहिली पाठशाळा आपल्या महाड-पोलादपुरातच आहे. खाचरात भात, भातामागून ओलीवर कडवे वाल, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, आणि घरात कणगी, अशी आपल्या वाडवडिलांची व्यवस्था होती. तिला मनुष्यबळ फार लागे. कर्ते पुरुष मुंबईस गेले, घर मनिऑर्डरीवर चालू लागले आणि उतार ओस पडू लागले. उरलेल्या पिकावर रानडुकरे व वानरे तुटून पडतात. पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि वैशाखात मात्र कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून तर ते विनामूल्य आहे. गरिबाच्या घरी त्यामुळे चूल पेटते, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु ते धान्य मुख्यतः तांदूळ व गहू. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात त्याचा अल्पांशच. पोट भरले, पण नाचणीची भाकरी ताटातून उठली.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. शहरात नाचणीची बिस्किटे महाग विकली जाऊ लागली. आपला वरकस मात्र ओसच राहिला. वस्तुतः उपरोक्त कायद्यात भरडधान्यांस स्थान आहे. कर्नाटकात सरकार नाचणी खरेदी करून शिधापत्रिकेवर देते. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी भागात नाचणीची लागवड, खरेदी व अंगणवाडीतील आहार यांची सांगड घातली. मग पोलादपूरची नाचणी पोलादपूरच्याच अंगणवाडीत व शाळेत का पोहोचू नये? भाव किती मिळाला तर शेतकरी पुन्हा उतारावर जाईल? वरी कांडण्याचे कष्ट कोणते यंत्र वाचवील? वानरांपासून राखण कशी करावी? हे सर्व प्रश्न अभ्यासाचे आहेत. नुसत्या हळहळीने ते सुटणार नाहीत.

जुलै २०२१ चा महापूर आपणांपैकी कोण विसरेल? सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. दरडींनी रस्ते अडविले. तळियेसारखे गाव ढिगाऱ्याखाली गेले. अशा वेळी प्रत्येक खोऱ्यात चार दिवसांचे धान्य उंच व सुरक्षित जागी असावे, हाही अन्ननियोजनाचाच धडा आहे.

दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आणि पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून विद्यादान करीत आहेत. आमची ज्ञातिसंस्थेस विनंती आहे की, दरवर्षी एका विद्यार्थ्यास वा विद्यार्थिनीस या विषयासाठी शिष्यवृत्ती द्यावी. आणि विद्यार्थ्यांनी येत्या दिवाळीच्या सुटीत आपापल्या गावी घरटी विचारपूस करून वहीत नोंदवावे : काय पिकते, काय विकत येते, किती जमीन ओस आहे आणि का. वृद्ध माताभगिनींना आधी विचारावे. बियाणे कसे राखावे हे त्याच जाणतात, आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ देणे आपणांस परवडणारे नाही.

शेतास पुन्हा माणूस मिळवून देणारी विद्या आपल्या मुलांनी शिकावी, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.