घोड्याची चंदी, चारा आणि कुंपणावरची कण्हेर
(भाषणाचा मजकूर)



दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास भरणाऱ्या बाजारात घोडा घेणारा माणूस आधी भोवरे पाहतो, मग दात आणि मग चाल. घोडा आजवर काय खात आला, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. वास्तविक हाच प्रश्न आधी विचारावयास हवा. कारण नव्या घरी चारा एकाएकी बदलला की पोटशूळ उठतो. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

घोड्याची शरीररचनाच तशी आहे. गायीप्रमाणे तो रवंथ करीत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते, आणि त्यास उलटी होत नाही. एकदा गिळलेले विष परत बाहेर येण्याची वाट बंद! माथेरानसारख्या मोटारगाड्यांना प्रवेश नसलेल्या गावी ज्या कुटुंबाची चूल एकाच घोड्यावर पेटते, त्या कुटुंबास याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

विषारी वनस्पतींत अग्रमान कण्हेरीचा. तिची फुले देवाला चालतात, पाने मात्र घोड्याच्या हृदयावर आघात करतात. मूठभर पानेही जीवघेणी ठरतात. हिरवी पाने कडू असल्याने पोट भरलेला घोडा सहसा त्यांस तोंड लावीत नाही. वाळल्यावर विष तसेच राहते. पण ती पाने इतर चाऱ्यात मिसळली की ओळखू येत नाहीत, आणि अनर्थ होतो. शाळेच्या, कचेरीच्या आवारातील कण्हेर छाटून फांद्या कुंपणाबाहेर टाकण्याची आपली रीत आहे. यात घोडेवाल्याचा दोष कोणता? छाटलेला पाला पुरून टाकण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीस फारशा खर्चावाचून करता येईल. एरंडाच्या बियाही अशाच घातक. घोडा त्यांच्या विषास विशेष बळी पडतो.

कोवळी ज्वारी गुरांना बाधते, हे शेतकरी जाणतो. घोडा ती सतत चरत राहिला तर मूत्राशयास सूज येते व मागचे पाय लटपटू लागतात. चांगल्या वाळलेल्या कडब्याची गोष्ट निराळी. बुरशी धरलेला मका मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी देऊ नये. त्यातील विष मेंदूवर जाते. कोंबड्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध पुष्कळदा असते. कोंबडीस ते मानवते, घोड्याचा प्राण घेते.

पण रानातील विषापेक्षा घरातील प्रेमाने होणारी हानीही थोडी नव्हे. हरळी, सुके गवत, लसूणघास आणि मुबलक पाणी हा मूळ आहार. भिजवलेल्या हरभऱ्याची वा जवाची चंदी ही श्रमाच्या प्रमाणात द्यावयाची पुरवणी. वरातीच्या दिवशी कौतुकाने तोबरा भरून धान्य चारले की ते आतड्यांत आंबते, पोटशूळ होतो आणि पुढे खुरांच्या आतील भागास दाह होऊन घोडा कायमचा लंगडतो. गाजराचे लांब काप वा गुळाचा लहानसा खडा एवढे कौतुक पुरेसे आहे.

घोडा वारंवार पोटाकडे वळून पाहू लागला, लोळू लागला, घामाने निथळला, तर तोबरा काढून तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. काय खाल्ले याचा संशय असेल, तर त्या झाडाची डहाळी दाखवण्यासाठी जपून ठेवावी. बांबूच्या नळ्याने बळेच तेल पाजू नये. ते फुफ्फुसांत उतरण्याचा संभव असतो.