नियमाची भीती नको, सोबत हवी



धर्माचा नियम म्हटला की आपल्या मनात आधी भीतीच येते. मोडला तर पाप लागेल, लोक नावं ठेवतील. आज या नियमांकडे आपण जरा वेगळ्या नजरेनं पाहू.

आपल्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून त्रिशरण आणि पंचशील घेतलं. मग समोर जमलेल्या लाखो लोकांना त्यांनी स्वतः धम्मदीक्षा आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. तीच आजची दीक्षाभूमी.

पंचशील साधं आहे. जीवहत्या नको, न दिलेलं घेणं नको, व्यभिचार नको, खोटं बोलणं नको, नशा नको. पाली भाषेत यातल्या प्रत्येकाला सिक्खापद, म्हणजे शिक्षापद, म्हणतात. मराठीत शिक्षा म्हटलं की आपल्याला दंड आठवतो. इथं मात्र शिक्षा म्हणजे शिकणं. घेणारी बाई स्वतःच्या तोंडानं म्हणते की, हे मी मनावर घेते. तिच्यावर ते कुणी लादत नाही.

आपल्या गटाची पंचसूत्रीसुद्धा अशीच आहे ना? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी. ठराव आपणच करतो, सह्या-अंगठे आपलेच असतात. म्हणून तो पाळताना ओझं वाटत नाही.

आता शील व्यवहारात कसं उतरतं ते पाहा. न दिलेलं घ्यायचं नाही, म्हणजे गटाची रक्कम दोन दिवससुद्धा घरखर्चाला वापरायची नाही. खोटं बोलायचं नाही, म्हणजे दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज उचलायचं नाही. सोयाबीन गेलं, हप्ता जमत नाही, तर लपवायचं नाही. बैठकीत खरं सांगितलं की मुदत वाढवता येते. लपवलं की बाई सावकाराच्या दारात जाते, आणि मग एका कर्जाची दोन होतात.

नशेचं तर सांगायलाच नको. ज्या घरात रोजची दारू आहे, त्या घरची बचत किती दिवस टिकते, हे आपल्या पासबुकात दिसतं.

पण एक गोष्ट ठासून सांगायची आहे. नियम बाईला आणि मोकळीक पुरुषाला, असं पंचशीलात नाही. पाचही शीलं दोघांना सारखीच. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. आणि बायकोनं नवऱ्याची गुलाम नव्हे, तर बरोबरीची मैत्रीण म्हणून उभं राहावं, असंही सांगितलं. म्हणजे नियमानं बाईची मान खाली जायला नको, ती ताठ व्हायला हवी.

आपल्या गटांत वारकरी माळ घालणाऱ्या ताई आहेत, रोजे धरणाऱ्या आपा आहेत. प्रत्येकीच्या धर्मात असं काही ना काही आहेच. विहिरीचा कठडा पाणी भरणारीला अडवत नाही, तिचा तोल सांभाळतो. चांगला नियमही तसाच.

तर पुढच्या बैठकीत एवढं करू. प्रत्येकीनं आपल्या धर्मातला एक नियम सांगायचा, आणि तो घरात व गटात कशा कामी येतो तेही सांगायचं. जो नियम फक्त बाईलाच दाबतो, त्यावरही मोकळेपणानं बोलू.