इंग्रजीची तयारी, उड्डाणाच्या आधी



भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावीला बसलेल्या तुमच्यापैकी काहींना पायलट व्हायचे असेल. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी इंग्रजी पक्के करा. येथे भाषेची गाठ थेट जिवाशी असते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. १५,००० फुटांवर राहायला सांगितलेले कझाकस्तानचे विमान आणखी खाली उतरले आणि समोरून येणाऱ्या सौदी विमानावर आदळले. चौकशी आयोगाने कझाक वैमानिकाच्या अपुऱ्या इंग्रजीवरही बोट ठेवले.

कोणी म्हणेल, रेडिओवरची ठरावीक वाक्ये पाठ केली की झाले. सगळे सुरळीत असेल तेव्हा तेवढ्यावर भागतेही. पण २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ घिरट्या घालणाऱ्या आव्हियांका या विमान कंपनीच्या विमानातले इंधन संपत आले, तेव्हा सहवैमानिकाने नियंत्रकाला तसे कळवले, मात्र रीतसर आणीबाणी जाहीर झालीच नाही. विमान कोसळले, ७३ जण दगावले. शब्द माहीत असणे वेगळे आणि ऐन संकटात तो नेमका तोंडून निघणे वेगळे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिकाला इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी गाठावी लागते. त्यात उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद यांची परीक्षा होते.

‘प्रशिक्षणात येईलच की’ हा दुसरा आक्षेप. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण करावे लागते आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. हात आणि डोळे विमानात गुंतलेले असताना मनातल्या मनात भाषांतर करायला सवड मिळत नाही. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन आणि नियमांची पुस्तकेही इंग्रजीतच असतात.

मराठी माध्यमातल्या मुलांनी मात्र यातून धास्ती घेऊ नये. चौथ्या पातळीची कसोटी इंग्रजांसारखे उच्चार मागत नाही. मराठी वळण राहिले तरी चालते, बोलणे समोरच्याला नीट कळले पाहिजे. ते सरावाने साधते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, ऐकलेली सूचना तशीच परत म्हणा, न समजल्यास न लाजता पुन्हा विचारा. प्राचार्यांनाही विनंती आहे की, इंग्रजी संभाषणाचा वर्ग येत्या सत्रापासूनच सुरू करावा.