लुक्कातल्या हॉटेलात राहताना

परदेशी जायचं म्हटलं की आपण सामानाची यादी करतो, विमानाची चौकशी करतो. पण तिथे पोहोचल्यावर ज्या खोलीत राहायचं, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आज मी त्या खोलीबद्दल सांगणार आहे. तीही इटलीतल्या एका लहान शहरातल्या हॉटेलातली.

इटलीच का, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडची बरीच मुलंमुली हल्ली तिकडे शिकायला जातात. पिसा, पादोवा, बोलोन्या इथली विद्यापीठं शेकडो वर्षांची जुनी आहेत. मुलं गेली की दोन वर्षांनी आईला वाटतं, एकदा बघून यावं. पण मुलांच्या वसतिगृहात पाहुण्यांची सोय नसते, भाड्याच्या खोलीत आणखी दोन माणसं मावत नाहीत. मग हॉटेल आलंच. माझी लेक पिसाला आहे. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई तिला भेटायला गेलो आणि पिसापासून रेल्वेनं अर्ध्या तासावर असलेल्या लुक्का या गावात सहा रात्री राहिलो. लेक म्हणाली, “आई, मी आठवडाभर रजा काढते.” मी म्हटलं, “रजा काढू नकोस. तुझं काम कर आणि संध्याकाळी आम्हाला भेटायला ये.” तिला रजा काढायला लागू नये, म्हणून ज्या गोष्टी आम्ही विचारून घेतल्या, त्याच आज सांगते.

आधी खोली राखण्याचं बघू. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे खोली आधी राखावी लागते आणि व्हिसा नंतर मिळतो. म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच खोली राखा. शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून परतावा नसलेली खोली घेऊ नका. रद्द करण्याची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा.

दुसरं, पलंग. तिथे ‘मात्रिमोनियाले’ खोली म्हणजे नवराबायकोसाठी एकच मोठा पलंग असलेली. ‘दोप्पिया’ म्हणजे दोघांची खोली, बहुतेक वेळा दोन वेगळे पलंग असलेली. पण सगळी हॉटेलं हे शब्द काटेकोर वापरतात असं नाही. मैत्रिणी किंवा जावाजावा असाल तर ‘दुए लेत्ती’, म्हणजे दोन पलंग, असं वेगळं कळवा.

तिसरं, जिने. लुक्काच्या तटाच्या आतल्या इमारती फार जुन्या आहेत. पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नसते. आमच्या हॉटेलच्या माहितीत लिफ्ट आहे असं लिहिलं होतं. लिफ्ट होती, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू होत होती. तिथपर्यंत दगडी जिना! जाऊबाईंचे गुडघे दुखरे. त्या म्हणाल्या, “अगं, लिफ्टपर्यंत जायला दुसरी लिफ्ट लागेल.” तेव्हा लिफ्ट आहे का एवढंच विचारून थांबू नका. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, हेही विचारा. मजल्यांची मोजणी मात्र आपल्यासारखीच आहे. ‘पियानो तेर्रा’ म्हणजे तळमजला, त्याच्यावर पहिला.

आणि तारखा. ऑक्टोबरच्या अखेरीला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लुक्कात चित्रकथांचा आणि खेळांचा मोठा मेळा भरतो. देशोदेशींची तरुण मंडळी येतात, गावात खोली मिळत नाही, मिळाली तर महाग. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच सुमाराला येते. निघण्याआधी तेवढं बघून घ्या. जुलैतही संगीताचे मोठे कार्यक्रम चौकात होतात, तेव्हाही गर्दी असते.

आता पोहोचल्यावर. लहान हॉटेलात काउंटरवर रात्रभर माणूस असेलच असं नाही. गाडी उशिरा पोहोचणार असेल तर आधीच कळवा. बाहेरच्या दाराची किल्ली किंवा आकडा कसा मिळणार, हे लेखी मागून घ्या. लुक्काचं स्टेशन तटाच्या अगदी बाहेर आहे. तिथून चालत गावात जाता येतं, पण रस्ते फरसबंदीचे आहेत. त्यावर लहान चाकांची जड बॅग ओढताना हात भरून येतात. बॅग हलकी ठेवा. कुणी गाडी घेऊन सोडायला येणार असेल, तर तटाच्या आत परवान्याशिवाय गाडी नेता येते का, हे हॉटेलला आधी विचारा. तिथे कॅमेरे असतात आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.

काउंटरवर प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात. घाबरू नका. पाहुणा आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची नोंद पोलिसांकडे पाठवणं हॉटेलवर कायद्यानं बंधनकारक आहे. ते नोंद करून घेतात आणि पासपोर्ट परत देतात. परत मिळाला की तिथेच उघडून बघा, आपलाच आहे ना. ही नोंद आपल्याही उपयोगाची असते. आपण फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलून गेलो, तर इटलीत शिरताना पासपोर्टवर वेगळा शिक्का बसत नाही. अशा पाहुण्यानं आठ दिवसांत आपण इथे आहोत हे कळवायचं असतं, आणि हॉटेलात राहणाऱ्यांसाठी हॉटेलची नोंद हेच कळवणं धरलं जातं. त्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एकाच माणसाच्या बॅगेत असतात आणि ते माणूस बहुधा आपण नसतो. या वेळी प्रत्येकीनं आपला पासपोर्ट आपल्याच पर्समध्ये ठेवायचा. हॉटेलचं नाव-पत्ता छापलेलं कार्डही प्रत्येकीकडे हवं. जाऊबाई एका दुपारी एकट्याच चर्च बघायला गेल्या आणि ते कार्ड दाखवून एकट्याच परत आल्या. बासष्टाव्या वर्षी परक्या देशात पहिल्यांदा एकट्या हिंडले, असं त्यांनी घरी फोन करून दोनदा सांगितलं.

शहराचा पर्यटक करही काउंटरवरच भरायचा असतो. माणशी, रात्रीप्रमाणे. खोलीचे पैसे आधी भरलेले असले तरी हा कर बहुतेक वेळा वेगळा असतो. काही युरो सुटे ठेवा आणि पावती घ्या.

आता खोलीत जाऊ. दिवे लागले नाहीत तर दाराजवळची खाच बघा. कार्ड त्यात घातलं की वीज सुरू होते. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, पण आपली तीन जाड गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही. मोबाइलचा दोन बारीक पिनांचा चार्जर बहुधा बसतो. बाकीच्यासाठी जोडणी इथूनच न्या. खोलीत चहाची किटली असेल असं धरून चालू नका. आपली पाण्याची कांडी किंवा छोटी शेगडी मात्र नेऊ नका, खोलीत ती लावायला मनाई असते. गरम पाणी हवं तर सकाळी नाश्त्याच्या ठिकाणी थर्मास भरून मागा. थंडी वाजली तर ‘कोपेर्ता’ मागा, म्हणजे जास्तीचं पांघरूण. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण ‘कोपेर्तो’ म्हणजे खाणावळीत टेबलावर बसल्याबद्दल बिलात लावलेला माणशी आकार!

सगळ्यात जपायचं ते न्हाणीघरात. नळावर इंग्रजी सी हे अक्षर असेल तर ते थंड पाणी नव्हे. इटालियनमध्ये ‘काल्दो’ म्हणजे गरम, त्याचं पहिलं अक्षर सी. थंड म्हणजे ‘फ्रेद्दो’, त्याचं अक्षर एफ. इंग्रजीच्या सवयीनं थंड समजून सी फिरवला तर हात भाजतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा.

शॉवरजवळ भिंतीवरून एक दोरी लोंबत असते. ती कपडे वाळत घालायची नाही. आत कुणी पडलं, चक्कर आली, तर ओढायची संकटाची घंटा आहे ती. ओढणी टाकाल तर काउंटरवरचा माणूस धावत वर येईल. ती दोरी कुठे आहे हे मात्र पक्कं बघून ठेवा, विशेषतः वयस्कर बाई एकटी आंघोळीला जाणार असेल तर.

बादली आणि मग मिळणार नाहीत. पण कमोडच्या शेजारी दुसरं बसकं भांडं असतं, नळ लावलेलं. त्याला ‘बिदे’ म्हणतात. परदेशात कागदावर भागवावं लागेल म्हणून आपण बायका धास्तावलेल्या असतो. इटलीत ती चिंता नाही. १९७५ च्या सरकारी नियमानुसार तिथल्या प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिदे असावा लागतो, आणि हॉटेलांतही तो सहसा असतो. तो धुण्यासाठीच आहे, त्यावर पाय धुवायलाही सोपं. त्याच्याजवळ टांगलेला लहान टॉवेल त्यासाठीचाच, त्यानं तोंड पुसू नका.

नाश्ता. इटालियन माणसाचा नाश्ता गोड आणि थोडका. कॉफी, चंद्रकोरीसारखा पाव, जॅम. हॉटेलात बहुधा फळं, दही, चीज असतं आणि शेजारीच मांसाचे पातळ काप मांडलेले असतात. शाकाहारी बायकांनी एक वाक्य पाठ करा, ‘सोनो वेजेतारियाना’, मी शाकाहारी आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. भाजीच्या सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, काही पावांत डुकराची चरबी असते. म्हणून पुढे जोडा, ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत. चरबीला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात, तोही शब्द लिहून ठेवा. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, ज्यांना चालत नाही त्यांनी ते वर भुरभुरायला नको म्हणून सांगावं. लुक्काची प्रसिद्ध ‘तोर्तेल्ली’ दिसायला करंजीसारखी, पण आत मांस असतं.

आपल्याला हक्कानं खाता येईल ती ‘चेचीना’. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं. पहिला घास घेतल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “हे तर आपलं धिरडंच, फक्त मिरची विसरलेत.” आम्ही चटणीची पुडी नेली होती. तिथला पाव बिनमिठाचा असतो, तस्कनी प्रांताची रीतच ती, तेव्हा त्यालाही चटणी बरी लागते. बडीशेपेसारख्या वासाचा, मनुका घातलेला ‘बुच्चेल्लातो’ नावाचा गोड पावही मिळतो. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या.

वेळा सांभाळा. खाणावळी दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या आत सहसा उघडत नाहीत. पुष्कळ दुकानंही दुपारी मिटतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी खोलीत फळं, बिस्किटं, दाणे ठेवावेत. पिण्याचं पाणी विकत घ्यायची गरज नाही. नळाचं पाणी चालतं, आणि लुक्कात चौकाचौकांत कारंजी आहेत, गावातले लोक बाटल्या भरून नेतात. फक्त ‘नोन पोताबिले’ लिहिलं असेल तिथलं पिऊ नका. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखता येतं आणि मदतीचा फोन ११२.

हॉटेलातून निघून सकाळी कुठे जावं म्हणाल, तर तटावर. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा तट चार किलोमीटरहून थोडा लांब आहे, वर झाडं आणि रुंद रस्ता. चढ नाही, बसायला बाकं आहेत. दुखऱ्या गुडघ्यांची बाईही सावकाश प्रदक्षिणा पुरी करते. आम्ही सहा दिवसांत चार केल्या.

निघायच्या दिवशी खोली दहा-अकराला सोडावी लागते. गाडी संध्याकाळची असेल तर बॅगा काउंटरवर ठेवायला मागा, बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात. कपाट, कपडे टांगायची जागा, चार्जर आणि उशीखालचं मंगळसूत्र बघून मगच दार ओढा.

आमच्या शेवटच्या संध्याकाळी लेक पिसाहून आली. दिवसभराच्या कामानं थकली होती. आम्ही तिला एका खाणावळीत नेलं, जेवण मीच सांगितलं आणि बिलही मीच दिलं. ती नुसती बसून जेवली. मैत्रिणींनो, मुलाकडे जाणार असाल तर या गोष्टी आत्ताच वहीत उतरवून घ्या, म्हणजे आठवडाभर त्याला आपल्यामागे पळावं लागणार नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर केंद्रावर पत्र टाका, मला माहीत असेल तेवढं सांगेन.