विण्याचा पहारा

माऊली, मला सांगा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसात सगळ्यात जास्त वेळा काय ऐकावं लागतं? "तुम्ही बसा." पाणी घ्यायला उठले, तुम्ही बसा. मेथीची जुडी निवडायला ओढली, असू द्या आत्या, बसा. शेताकडं निघाले, आबा, ऊन आहे, बसा! सून प्रेमानंच म्हणते, लेकही प्रेमानंच म्हणतो. पण प्रेमानं बसवलं म्हणून गुडघा आखडायचा राहतो का? मांडीतलं बळ जातं, मग तोल जातो, आणि एक दिवस न्हाणीत पाय घसरून खुबा मोडतो. मग खरंच बसायची वेळ येते.

आमच्या संप्रदायानं म्हाताऱ्याला बसवलं नाही, उभं केलं. हा विणाच बघा. सप्ताहभर खाली टेकवायचा नाही. दोन-दोन तासांचा पहारा. पुढचा येतो, एकमेकांच्या पाया पडतात, विणा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. पुढचा आलाच नाही तर? पहिल्याला हलता येत नाही! म्हणून पहारेकरी वेळेच्या आधी हजर असतो. अहो, घरी ज्याची कोणी वाट बघत नाही, त्याची इथं विणा वाट बघतो. आणि रात्री दोन ते चारचा पहारा कोणाला? तरण्यांना झोप आवरत नाही. म्हाताऱ्याला तशीही झोप नसते. घरी कूस बदलत पडण्यापेक्षा देवापुढं दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं. (हशा)

नामदेवराय 80 वर्षं जगले, 1270 ते 1350. परंपरा सांगते, उतारवयात ते पंजाबात घुमानला राहिले. मुलूख परका, भाषा परकी. तिथल्या माणसांत मिसळले. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. आपल्याला गल्लीतल्या हरिपाठाला जायचं तर म्हणतो, आता या वयात कुठं!

हरिपाठाला जावं. आवाज लागत नसेल तर टाळी वाजवावी. ऐकू येत नसेल तर पुढं बसावं. आठ दिवस रोज येणारा माणूस नवव्या दिवशी दिसला नाही, की कोणीतरी विचारतंच, "नाना आज कुठं?" आणि एखादा पोरगा घरी बघून येतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला ते विचारणं औषधाइतकं लागतं.

औषधावरनं आठवलं. माळेचा एखादा फेरा चुकला तर पांडुरंग रागवायचा नाही. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. साखरेची गोळी घ्यायची आणि एकादशीला कडकडीत उपाशी राहायचं, हे तर करूच नका. चक्कर येऊन पडाल. डॉक्टरांना आधी विचारा. आणि साबुदाण्याची खिचडी ताटभर खाऊन त्याला उपवास म्हणू नका. साखर तिनंही वाढते. दोन तास उभं राहवत नसेल तर पहारा एकच तास घ्या. दोघांत वाटून घ्या. विणेकऱ्याशेजारी खुर्ची टाकून टाळ धरला तरी ती सेवाच आहे.

आणि लेकरांनो, आबा पहाऱ्याला निघाले तर अडवू नका. बॅटरी द्या हातात. अंधार असेल तर मंदिरापर्यंत सोबत जा.

आता उद्याची यादी. काकड्यापर्यंतचे पहारे भरलेत. दुपारी बारा ते दोन मोकळा आहे. मायमाउल्यांनीही नाव द्यावं. बोला कोण?

विठ्ठल विठ्ठल.