ढोलकपूरचा भीम आणि पाड्यावरची शाळा



गेल्या मार्च महिन्यात शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर जाण्याचा योग आला. तिथल्या शाळेचे गुरुजी माझे जुने विद्यार्थी. मी मुरबाडहून पोचलो, तो त्यांनी तक्रारीनेच स्वागत केले. "सर, या पोरांना दुसरं काही सुचतच नाही हो. उठता बसता छोटा भीम!"

तिसरीच्या रांगेत एक मुलगा उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसला होता. काय झाले म्हणून विचारले, तर मान खाली. शेजारची मुलगी म्हणाली, "गुरुजी, ह्यो भीम झालेला. माळ्यावरनं उडी टाकली."

आता हा भीम कोण, हे आपल्यापैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हैदराबादच्या राजीव चिलका यांनी ही व्यंगचित्रमालिका निर्माण केली आणि २००८ साली पोगो वाहिनीवर ती सुरू झाली. ढोलकपूर नावाचे गाव, इंद्रवर्मा नावाचा राजा आणि धोतर नेसलेला, उघड्या अंगाचा एक मुलगा. कोणताही भाग घ्या, सांगाडा एकच. गावावर संकट येते, आज डाकू तर उद्या राक्षस. कालिया नावाचा आडदांड पोरगा फुशारकी मारतो आणि तोंडघशी पडतो. मग भीम लाडू खातो, त्याच्या दंडात बळ संचरते आणि शत्रू आकाशात भिरकावला जातो. दहा-बारा मिनिटांत कारभार आटोपला!

मी घरी मुद्दाम काही भाग पाहिले. खरे सांगू? मला ते आवडले. खाऊन बळ मिळवणारा भीम काही नवा नाही. बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न स्वतःच फस्त करून मग त्याच्याशी झुंजणारा भीम आपण आजीच्या तोंडून ऐकलेलाच आहे. गुरुजींनीही कबूल केले, की भीमामुळे शाळेतली खिचडी ताटात उरत नाही. खिचडी संपली, की पोरे दंड फुगवून दाखवतात.

मग बिघडते कुठे? पलीकडे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजतो, देव आणि राक्षस मुखवटे चढवून नाचतात. लहान पोरे भिऊन आईच्या पदरात शिरतात. पण मुखवटा उतरला, की आतून घामाने डबडबलेला आपलाच मामा निघतो, पाणी मागतो. पोराला पुरते कळते, की रावण खरा, पण मामाही खरा. पडद्यावरच्या भीमाचा मुखवटा कधी उतरतच नाही. तो उतरवून दाखवायला घरात कोणी बसलेले नसते. आई पाण्याला, बाप कामाला.

हे दुखणे जुने आहे. दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात 'शक्तिमान' दाखवीत, तेव्हाही नकला करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या येत. शेवटी मुकेश खन्नांना पडद्यावरूनच मुलांना समजावावे लागले, की बाबांनो, असे करू नका. तो तर हाडामांसाचा नट होता. चित्रातला भीम कुठून येऊन समजावणार?

तेव्हा शिक्षकबंधूंनो, हे काम आपले. बंदीने काही साधत नाही. शाळेत भीमाचे नाव काढायचे नाही असा नियम गुरुजींनी करून पाहिला होता. पोरे हलक्या आवाजात बोलू लागली, इतकेच.

आम्ही दुसरे केले. एक जुनी वही घेतली. वीस पानांच्या कोपऱ्यांत गुरुजींनी भीम काढला, प्रत्येक पानावर किंचित वर सरकलेला. अंगठ्याने पाने फरफर सोडली आणि भीम उडाला! वर्गात एकच गलका झाला. चित्रपटात एका सेकंदाला अशी चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी आगकाड्या जरा जरा सरकवून, एकेक चित्र टिपून त्यांना नाचवले होते. त्याची युक्ती हीच.

प्लास्टरवाल्याने डाव्या हाताने वही चार वेळा फिरवली. म्हणाला, "म्हंजे ह्यो पडतच न्हाई. गुरुजींनी पडल्याचं काढलंच न्हाई." मग एकविसाव्या पानावर पडलेला भीम त्याने स्वतः काढला, डाव्या हाताने, वेडावाकडा. प्लास्टरसकट!

माझे खरे भांडण उडीशी नाही, ढोलकपूरच्या लोकांशी आहे. इतकी संकटे आली, पण गाव आपले हात जोडून उभे! आमच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. तिथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हे कोटवाल शिकलेले वकील. शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यांत शाळा काढल्या आणि बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडले. पण एकट्याने नव्हे. आझाद दस्ता बरोबर होता. हे मी मुलांना सांगितले. एकाने विचारले, "त्यांच्याकडं लाडू व्हता का?" नव्हता म्हटल्यावर सगळी गप्प झाली.

जाता जाता म्हटले, आता भीमाचा एक भाग तुम्हीच रचा, आपल्या पाड्याचा. तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळा लागला की पाड्यांची वाट टँकरकडे. पोरांना विषय शोधावा लागला नाही. प्लास्टरवाला म्हणाला, "भीमानं लाडू खाल्ला, मुंबईचा पाइप उचलला नि आपल्या हिरीत सोडला."

शेजारची मुलगी लगेच उसळली, "येकट्याला कसा उचलंल? केवढा जाड हाय त्यो! समद्यांनी धराया पायजे."

"भीमाला उचलतो."

"न्हाई उचलत."

वाद रंगला होता, एवढ्यात खालच्या वळणावर टँकरचा भोंगा वाजला. विहिरीत पाणी सोडायला टँकर आला होता. वह्या तशाच टाकून सगळा वर्ग हंडे आणायला घराकडे पळाला. प्लास्टरवालाही, डाव्या हातात कळशी घेऊन.